बुधवारचं टेबल

ऑनलाइन अभ्यासक्रमाची नावनोंदणी पाच मिनिटांत होते, असं सगळीकडे सांगितलं जातं. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, स्वतःचा ईमेल आहे आणि त्याचा पासवर्ड ज्याला पाठ आहे, त्याची होतेही. मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे जुलैत मुलंमुली ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर नाव घालायला ग्रंथालयात येतात, तेव्हा पहिला सगळा वेळ ईमेल हुडकण्यात जातो. ईमेल असतो. अकरावीचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मोबाईलच्या दुकानदारानं तो काढून दिलेला असतो. पासवर्ड त्या दुकानदाराच्या लक्षात असतो, नाहीतर त्याच्याही नसतो. नवा मागवावा तर ओटीपी जातो वडिलांच्या नंबरवर. वडील रानात, आणि रानात रेंज नाही.

त्यामुळे माझ्या लेखी अभ्यासक्रमाचा पहिला धडा हाच असतो: स्वतःचा ईमेल स्वतःच्या हातानं काढणं. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवणं. आणि स्वतःचं नाव कसं लिहायचं ते एकदा ठरवणं. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. लग्न झालेल्या मुलींची तर दोन दोन नावं. परीक्षेच्या फॉर्मवर जे नाव घालाल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं आणि परीक्षेच्या दारात ओळखपत्राशी तेच ताडून पाहतात. एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदाच स्वतःचं पूर्ण नाव कुणाला न विचारता टाइप करते, पुन्हा वाचते, मग बटण दाबते. हे काम घाईचं नाही. मी घाई करू देत नाही.

मी या कामात आले ती जुन्या वाटेनं. नव्वदच्या दशकात मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कॉलेजात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं, आणि त्याची पुस्तकं वाटायचं काम ग्रंथालयाकडे होतं. विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झालेलं, राम ताकवले पहिले कुलगुरू, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. पुस्तकं मराठीत, मुद्दाम एकट्यानं वाचता यावीत अशी लिहिलेली. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये स्वतःच सोडवायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. रविवारी संपर्कसत्र. त्याला एसटीचे कंडक्टर यायचे, पोलीस शिपाई यायचे, अंगणवाडीताई यायच्या, दहावीनंतर लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या बायका यायच्या. काही जणी मांडीवर मूल घेऊन बसायच्या.

पुस्तक एकट्यानं वाचता येण्यासारखं असूनही ही माणसं आठवड्याची एकुलती एक सुट्टी मोडून का येतात, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. हळूहळू कळलं. शिकवणारे सर चांगले होते, पण ती केवळ त्यांच्यासाठी येत नव्हती. आपल्यासारखं, आपल्या वयाचं, आपल्याइतकंच दमलेलं दुसरं कुणीतरी हेच पुस्तक उघडून बसलंय, हे त्यांना बघायचं असायचं. रविवार हा घरात सांगता येण्यासारखा वार होता. ‘आज माझं कॉलेज आहे’ असं म्हणून पिशवी उचलता यायची. जी बाई पहिल्या दोन-तीन रविवारी आली, ती बहुतेक परीक्षेलाही दिसायची. जी नुसती पुस्तकं घेऊन गेली, तिची पुस्तकं पुष्कळदा कोरीच राहायची.

ऑनलाइन अभ्यासक्रम आले तेव्हा हा रविवार त्यात नव्हता.

बाकी खूप काही होतं, आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केलं. वर्गात होणारी व्याख्यानं चित्रित करून ती कुणालाही फुकट बघता यावीत ही मूळ कल्पना. २०११ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला जगभरातून लाखाहून जास्त लोकांनी नावं घातली आणि पुढच्याच वर्षी कोर्सेरा, एडएक्स ही नावं सगळीकडे झाली. आपल्याकडे २०१४ पासून एनपीटेलनं ठरावीक आठवड्यांचे अभ्यासक्रम आणि त्यांवर प्रत्यक्ष केंद्रात जाऊन द्यायची परीक्षा अशी पद्धत बसवली. ९ जुलै २०१७ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयं’ सुरू झालं, त्याच दिवशी डिशवर दिसणाऱ्या ‘स्वयंप्रभा’च्या ३२ वाहिन्याही. एनपीटेल, इग्नू, यूजीसी, एआयसीटीई, बंगळूरचं आयआयएम अशा नऊ संस्था वेगवेगळ्या विषयांची जबाबदारी घेऊन या एका छताखाली आल्या. दहिवडी-म्हसवडच्या मुलाला खरगपूर आयआयटीच्या प्राध्यापकांच्या तासाला बसायला मिळतं, तेही फी न भरता. मी ज्या काळात शिकले त्या काळात हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मुलांना सांगण्याआधी आपण एक करून बघावा म्हणून मी स्वतः नाव घातलं. २०१८ मध्ये प्राध्यापकांसाठी ‘अर्पित’ नावाचा उजळणी उपक्रम स्वयंवर आला होता, त्या सुमारास. विषय माझाच, ग्रंथालयाचा. समजायला जड नव्हता. जड गेलं ते निराळंच.

रात्री स्वयंपाकघर आवरून मी फोनवर व्याख्यान लावून बसायची. हातात पुस्तक असतं तेव्हा घरातली माणसं आवाज खाली करतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. हातात फोन असला की तेच लोक ‘जरा पाणी दे गं’ म्हणतात. त्यांची चूक नाही. फोन बघणं म्हणजे रिकामा वेळ, अशीच सगळ्यांची समजूत, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. मी पन्नाशीकडे झुकलेली, नोकरी करणारी बाई. मला ‘थांबा, माझा तास चाललाय’ असं म्हणता आलं. माझ्या विद्यार्थिनींना ते कसं म्हणता येणार? सासरी असलेल्या एकीनं सांगितलं होतं, ‘मॅडम, मी कानात हेडफोन घातला की सासूबाई म्हणतात गाणी ऐकतीय.’ ती गाणी ऐकत नव्हती. कंपनी कायद्यावरचं व्याख्यान ऐकत होती.

मला वाटतं, ऑनलाइन शिक्षणाबद्दल जे बोललं जातं त्यात नेट, वीज, फोन, डेटा या गोष्टी बरोबर येतात, पण ही एक राहून जाते. शिकणारा शिकतो आहे हे आजूबाजूच्यांना दिसावं लागतं. दिसलं तर ते वाट देतात. मुलीनं समोर वही उघडली, पेन घेतलं, भिंतीकडे पाठ करून बसली की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं ग्रंथालयात करता येतं, कारण ‘ग्रंथालयात चालले’ हे वाक्य अजून आमच्या भागात कुठल्याही घरात चालतं.

म्हणून बुधवारचं टेबल सुरू झालं.

बुधवारच का, तर एनपीटेलच्या बहुतेक अभ्यासक्रमांची साप्ताहिक असाइनमेंट बुधवारी रात्री ११.५९ ला बंद होते. हे एकदा ठाऊक झालं की अख्ख्या आठवड्याला आकार येतो. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात एक लांब टेबल आहे, त्याच्या एका अंगाला चार जुने संगणक. बुधवारी दुपारी तास संपले की ज्यांनी नावं घातली आहेत त्यांनी तिथे यायचं. कुणी कुणाला शिकवायचं बंधन नाही. आपापला अभ्यासक्रम, आपापले हेडफोन. प्राचार्यांनी त्या दिवशी ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं ठेवायला परवानगी दिली आणि शिपाईमामांनी थांबायची तयारी दाखवली. मुक्कामाची गाडी पकडायची असते त्या मुलांना आम्ही आधी संगणक देतो.

पहिल्या आठवड्यात टेबलावर जे घडतं ते मी दरवर्षी लक्ष देऊन बघते, कारण सोडून जाणारा बहुतेक तिथेच सोडतो. व्हिडिओ सुरू होतो. आयआयटीतले सर इंग्रजीत बोलायला लागतात. दोन-तीन मिनिटांत मुलाची मान किंचित मागे जाते. मग तो हेडफोन काढतो, शेजारच्याकडे बघतो.

‘मॅडम, हे सर लई फास्ट बोलत्यात.’

‘वेग कमी करायचं बटण आहे बाळा. पण आधी हे वाच.’

व्याख्यानाचा शब्दन् शब्द लिहून काढलेली प्रत तिथेच उतरवून घेता येते. बऱ्याच अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरंही आता मिळतात. मी आधी इंग्रजी प्रतीची दोन पानं छापून देते आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायला सांगते. या रेघांनी मला पुष्कळ शिकवलं. माझी अपेक्षा होती की तांत्रिक शब्दांखाली रेघा येतील. त्या फारशा येत नाहीत. फाइल, लूप, डेटा, डेबिट, क्रेडिट, कार्बन, सगळं त्यांना ठाऊक असतं, नसलं तर सर व्याख्यानात समजावून सांगतात. रेघा येतात त्या ‘व्हेअरॅज’खाली, ‘हेन्स’खाली, ‘रिस्पेक्टिव्हली’खाली, ‘अनलेस’खाली. वाक्यं एकमेकांना जोडणारे शब्द. ते कुणी समजावून सांगत नाही, कारण ते येतातच असं धरलेलं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा धागा तिथे तुटतो आणि त्याला वाटतं आपल्याला विषयच कळत नाही. असाइनमेंटच्या बहुपर्यायी प्रश्नांतही तेच. ‘पुढीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही’ यातला ‘नाही’ न दिसल्यानं, सगळं येत असून गुण जातात.

तेव्हा आम्ही अशा शब्दांचा एक कागद केला. तीस-पस्तीस शब्द, शेजारी मराठी अर्थ आणि त्याच अभ्यासक्रमातलं एक वाक्य. तो टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलाय. पहिले दोन आठवडे सगळ्यांची बोटं त्या काचेवरून फिरतात. तिसऱ्या आठवड्यापासून कमी होतात. आधी वाचून, मग कमी वेगानं ऐकून, मग नेहमीच्या वेगानं पुन्हा ऐकून जो पहिले दोन आठवडे काढतो त्याचा कान बसतो. त्याला सुरुवातीला अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला दीड तास लागतो. लागू द्यावा. हा दीड तास लागतो म्हणून आपण कमी आहोत असं मुलांना वाटू नये, एवढीच माझी धडपड असते.

संगणकाशी आधी ओळख नसेल तर मी थेट आयआयटीच्या व्याख्यानात ढकलत नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं झालेली ‘स्पोकन ट्युटोरियल्स’ आहेत. दहा-दहा मिनिटांची, मराठीतही. अर्ध्या पडद्यावर ते चालू ठेवायचं, उरलेल्या अर्ध्यावर आपण तेच करत जायचं. ऐकायचं, थांबवायचं, करायचं. ज्यानं हे महिनाभर केलं त्याला पुढे ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन’सारखा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम झेपतो. न करता गेलेला दुसऱ्या आठवड्यात दमतो.

अभ्यासक्रम निवडताना माझं एक मत पक्कं झालंय आणि त्यावर आमच्या कॉलेजातच वाद होतात. मुलांना नावाजलेला विषय हवा असतो. आज प्रत्येकाला कृत्रिम बुद्धिमत्ता हवी आहे. मी म्हणते, पहिला अभ्यासक्रम असा घ्या ज्यातलं थोडंफार तुम्हाला आधीच येतं, आणि शक्यतो चार किंवा आठ आठवड्यांचा. पहिल्या अभ्यासक्रमात दोन गोष्टी शिकायच्या असतात, विषय आणि पद्धत. दोन्ही नव्या असल्या तर माणूस बुडतो. घरी चार जनावरं आणि दोन एकर डाळिंब असलेल्या एका मुलानं खरगपूरचा सेंद्रिय शेतीचा अभ्यासक्रम घेतला होता. गांडूळखताच्या व्याख्यानात तो मध्येच थांबवून मला सांगायचा की आमच्याकडे हे असं करत नाहीत, आम्ही शेण आधी थंड करतो. त्यानं तोच प्रश्न इंग्रजीत लिहून अभ्यासक्रमाच्या चर्चामंचावर टाकला. लिहायला त्याला संध्याकाळ गेली. चार ओळींचं वाक्यरचनेनं अडखळणारं इंग्रजी. दोन दिवसांनी शिकवणाऱ्यांच्या चमूतून कुणीतरी सविस्तर उत्तर दिलं, त्याच्या पद्धतीची दखल घेत. त्या मुलानं उत्तर छापून मागितलं. घरी नेऊन वडिलांना मराठीत वाचून दाखवलं म्हणाला.

पैशाचं वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. नाव घालणं, व्याख्यानं बघणं, असाइनमेंट देणं, सगळं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेला बसावं लागतं. त्या परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची मुदत वेगळी, आणि फी एका अभ्यासक्रमाला १००० रुपये अशी आमच्या मुलांनी भरलेली आहे. नाव घातलं म्हणजे परीक्षेचा फॉर्मही भरला गेला, असं समजून मुदत हुकवणारे दरवर्षी निघतात. म्हणून ती तारीख मी टेबलावरच्या फळ्यावर लाल खडूनं लिहिते आणि संपेपर्यंत पुसू देत नाही.

एका मुलीचे वडील फीबद्दल विचारायला आले होते. पटका, हातात दुधाची किटली, बहुतेक डेअरीत दूध घालून तसेच आलेले.

‘मॅडम, फुकाट हाय म्हनली व्हती पोरगी. मग हजार रुपयं कशाचं?’

मी त्यांना बसवलं. सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ह्यानं नोकरी लागंल?’

‘लागेलच असं मी सांगू शकत नाही, दादा. खोटं बोलणार नाही. पण आयआयटीतली माणसं काढतात तो पेपर तुमची मुलगी देणार आहे. गेले सात आठवडे ती एकही बुधवार चुकलेली नाही. तिची तयारी झालीय.’

त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत म्हणाले की दुधाचं बिल पुढच्या हप्त्यात हाय. मुदत त्याआधी संपत होती. आम्ही काही प्राध्यापकांनी मिळून अशाच वेळेसाठी थोडे पैसे बाजूला ठेवलेले असतात, त्यातून फॉर्म भरला. बिल आल्यावर ते स्वतः पैसे परत द्यायला आले आणि त्यांनी पावती मागितली. मी कच्च्या कागदावर लिहून दिली. त्यांचा तो मान होता, आणि तो ठेवायलाच हवा होता.

परीक्षा म्हणजे पुण्याची खेप. तीन तासांचा संगणकावरचा पेपर, सकाळी ९ ते १२ किंवा दुपारी २ ते ५. सकाळचं सत्र मिळालं तर आदल्या दिवशीच निघावं लागतं, फलटणमार्गे स्वारगेट, आणि मुली असतील तर कुठे उतरायचं याची घरच्यांशी बोलणी. बरोबर कॉलेजमधली एक बाई जाते. हे ठरल्याशिवाय निम्म्या घरांतून होकार येत नाही, आणि त्या घरांना मी दोष देत नाही. या खेपेआधी आम्ही एक गोष्ट मुद्दाम करतो. आमच्या मुलांनी अख्खा अभ्यासक्रम फोनवर केलेला असतो. माऊस धरायची सवय नसते. परीक्षेत पडद्यावरचा कॅल्क्युलेटर असतो, प्रश्नांची रांग उजवीकडे, खुणेसाठी वेगळं बटण. विषय येत असून माऊसपाशी हात थरथरलेला मी पाहिला आहे. त्यामुळे शेवटचे काही बुधवार फोन बाजूला ठेवून फक्त त्या चार संगणकांवर सराव. एकानं सोडवायचं, बाकीच्यांनी मागे उभं राहून बघायचं.

गुणांची पद्धत मला आवडते. असाइनमेंटना २५ आणि परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्यात आठांपैकी सहा. म्हणजे ऊसतोडीच्या घरात कुणी आजारी पडलं, परीक्षेच्या आठवड्यात विहिरीची मोटर जळली, तर एखादा बुधवार गेला तरी चालतो. ज्यानं हे ठरवलं त्यानं खऱ्या माणसांचा विचार केलाय. आणि दोन्हीकडे किमान गुण लागतात, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. याचाही उपयोग आहे. असाइनमेंटची तयार उत्तरं समाजमाध्यमांवर फिरतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. ती बघून टिकमार्क केलेल्याला परीक्षेचे ३० काढता येत नाहीत.

तयार उत्तरांचा हा प्रश्न अलीकडे वाढलाय आणि मला त्याची काळजी आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक स्वयंवरून मिळवता येतात. चार आठवड्यांना एक, आठला दोन, बाराला तीन. मिळालेले श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. नियम चांगला आहे. आमच्याकडे नसलेला विषय आमच्या मुलाला घेता येतो आणि तो त्याच्या पदवीत धरला जातो, ही साधी गोष्ट नाही. पण श्रेयांक आले तशी सक्तीही आली. पूर्वी टेबलावर येणारा स्वतःहून यायचा. आता वर्गच्या वर्ग नाव घालून येतो, निम्म्यांना अभ्यासक्रमाचं नावही सांगता येत नाही. अशा मुलांना तयार उत्तरांचा मोह होतो यात नवल नाही. त्यांना मी रागावत नाही. एक प्रश्न त्यांनी माझ्यासमोर स्वतः सोडवायचा, चुकला तरी चालेल, एवढाच आग्रह धरते. बरोबर आला की चेहरा बदलतो, आणि पुढच्या बुधवारी त्यांतले काही पुन्हा दिसतात.

सगळे शेवटपर्यंत जात नाहीत. नाव घालणाऱ्यांपेक्षा परीक्षेला बसणारे फार थोडे, हे जगभर असंच आहे आणि आमच्या टेबलावरही असंच आहे. मध्यावर थांबलेल्यांना नापास म्हणायला मी तयार नाही. पायथनचे पाच आठवडे करून थांबलेल्या एका मुलानं त्याच्या गावच्या दूध संकलन केंद्रातला हिशेब कागदावरून संगणकावर आणून दिला. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. मात्र पहिल्याच आठवड्यात, इंग्रजी ऐकून, मान मागे करून, ‘हे आपलं काम नाही’ म्हणून उठून गेलेला मुलगा मला राहून राहून आठवतो. त्याला थांबवता आलं असतं. त्याच्यासाठी फक्त शेजारी कुणीतरी बसायला हवं असतं, पहिले तीन बुधवार. म्हणून गेल्या वर्षापासून ज्यांनी एखादा अभ्यासक्रम पुरा केलाय अशा मुलामुलींना मी जुलै-ऑगस्टमध्ये टेबलावर बोलावते. किटलीवाल्या दादांची मुलगी त्यांत आहे. ती आता एम.कॉम.ला कोल्हापूरला असते, सुट्टीत आली की येते. नव्या मुलीशेजारी बसते आणि स्वतः काही न बोलता तिची प्रत तिच्याबरोबर वाचते. अडलं की मग बोलते.

या जुलैसाठी मी संस्थेकडे हेडफोनचे दहा जोड आणि इन्व्हर्टर मागितलाय. हेडफोन मंजूर झाले. इन्व्हर्टरसाठी तीन दुकानांची कोटेशनं आणायला सांगितलीत, ती मी परवा साताऱ्याहून आणली आणि कार्यालयात दिली. बुधवारी संध्याकाळी लाइट गेली तर रात्री ११.५९ पर्यंत ती येईलच याचा भरवसा नाही, म्हणून पहिली असाइनमेंट मंगळवारीच देऊन टाका, असं नव्या यादीतल्या सगळ्यांना मी कळवलंय. यादीत यंदा एक अंगणवाडीताई आहेत. बाहेरच्या आहेत, कॉलेजच्या विद्यार्थिनी नाहीत. त्यांनी विचारलं, मला बसता येईल का. त्यांचा ईमेल काढून झालाय, पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवलाय, आणि अभ्यासक्रम अजून ठरायचाय. बालपोषणाचा आणि बालमानसशास्त्राचा अशा दोन्हींची पहिल्या आठवड्याची व्याख्यानं बघून त्या सोमवारी सांगणार आहेत.